मँडरिनमध्ये ‘गेलो नाही’ कसं म्हणायचं: ‘मेय’ आणि ‘पू’

मराठीत ‘नाही’ एकच, पण त्याच्या आधीचं क्रियापद सगळी माहिती देतं. ‘जात नाही’, ‘गेलो नाही’, ‘जाणार नाही’ या तिन्हींत ‘नाही’ तोच आहे. काळ ‘जात’, ‘गेलो’ आणि ‘जाणार’ यांनी सांगितला. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत, क्रियापदाचं रूप कधीच बदलत नाही. ‘जाणे’साठी ‘छ्यू४’ हा एक शब्द आहे. काल, आज, उद्या, मी, तू, ते, सगळ्यांना तोच. त्यामुळे तिथे भार नकाराच्या शब्दावर येतो आणि म्हणून नकाराचे शब्द दोन आहेत: ‘मेय२’ आणि ‘पू४’. नवशिक्याने क्रियापद उच्चारण्याआधीच ठरवायचं असतं की या दोघांपैकी कोण. ते ठरवायचं कसं, हे इथे टप्प्याटप्प्याने पाहू. पहिले दोन टप्पे घोटून पक्के करा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आधी वाचायचं कसं

अक्षरानंतरचा आकडा म्हणजे सूर. १ म्हणजे उंच आणि सपाट, गाण्यातला एक स्वर धरून ठेवावा तसा. २ म्हणजे खालून वर, आश्चर्याने ‘काय?’ विचारतो तसा. ३ म्हणजे खाली दबलेला. ४ म्हणजे वरून खाली झटक्यात, ‘बस!’ म्हणून कुणाला थांबवतो तसा. आकडा नसेल तर ते अक्षर हलकं, निसटतं.

‘ऽ’ दिसला की जीभ आहे तिथेच ठेवून स्वर लांबवा. ‘इ’ म्हणू नका. ‘ष’ हा षटकोनातला, जीभ मागे वळवून. ‘च’ आणि ‘छ’ यांच्यानंतर इ, ई किंवा य असेल तर जीभ सपाट ठेवा, नाहीतर ‘ष’सारखी वळवा. ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चांगला’मधला ‘च’. तो मराठीत आयता आहे. ‘फ़’ हा ‘फॅन’मधला.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सुधारून घ्या. चीनमध्ये १९५८ साली अधिकृत झालेल्या पिनयिन या रोमन लिपीतल्या लेखनात आपला ‘पू४’ हा ‘बी-यू’ असा लिहितात. इंग्रजी वाचायची सवय असलेला माणूस तो ‘बू’ वाचतो. चिनी कानाला तिथे ‘प’ हवा असतो. प-फ, त-थ, क-ख या जोड्या मँडरिनमध्ये आहेत, ब-द-ग नाहीत. या जोड्या मराठीत आपण रोज बोलतो, तेव्हा रोमन अक्षरांकडे न बघता कानाने शिका.

‘पू४’चा सूर बदलतो. पुढचं अक्षर चौथ्या सुराचं असेल तर तो दुसऱ्या सुरात जातो: ‘पू२ छ्यू४’ (जात नाही, जाणार नाही), पण ‘पू४ लाय२’ (येत नाही, येणार नाही). ‘मेय२’ मात्र सदैव दुसऱ्या सुरात.

पहिला टप्पा: तीन शब्दांचं वाक्य

वो३ छ्यू४ ल. (मी गेलो.)
वो३ मेय२ छ्यू४. (मी गेलो नाही.)

या दोन ओळी शेजारी ठेवून नीट बघा. होकारात क्रियापदामागे ‘ल’ आहे. नकारात क्रियापदाच्या आधी ‘मेय२’ आला आणि ‘ल’ गेला. कृती एवढीच: ‘ल’ काढा, ‘मेय२’ पुढे लावा.

हीच कृती सहा क्रियापदांवर करा: लाय२ (येणे), छऽ१ (खाणे), खान४ (बघणे), माय३ (विकत घेणे), ष्वो१ (बोलणे), छ्यू४ (जाणे). प्रत्येकाची होकार-नकाराची जोडी मोठ्याने, दिवसाला दहा वेळा. ‘था१ लाय२ ल, था१ मेय२ लाय२.’ (‘था१’ म्हणजे तो किंवा ती.) जोडी सोडून एकटा नकार घोकू नका. ‘ल’ गळून पडणं कानाला ऐकू यायला हवं, आणि ते जोडीतच ऐकू येतं.

‘मेय२’चं पूर्ण रूप ‘मेय२यौ३’. क्रियापदाच्या आधी दोन्ही चालतात: ‘वो३ मेय२ छ्यू४’ आणि ‘वो३ मेय२यौ३ छ्यू४’ यांच्या अर्थात फरक नाही. बोलताना आखूड रूप जास्त, लिहिताना आणि जरा औपचारिक बोलताना पूर्ण रूप जास्त. वाक्य नकारावरच संपत असेल, म्हणजे नुसतं ‘नाही’ असं उत्तर द्यायचं असेल, तर नवशिक्याने ‘मेय२यौ३’ पूर्णच म्हणावं.

‘यौ३’ म्हणजे ‘असणे, जवळ असणे’. या क्रियापदाला ‘पू४’ कधीही लागत नाही, कोणत्याही काळात नाही. ‘वो३ मेय२यौ३ छिएन२’ म्हणजे ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ आणि संदर्भ कालचा असेल तर ‘नव्हते’सुद्धा. त्यामुळे ‘मेय म्हणजे भूतकाळ’ असं समीकरण वहीत लिहू नका. ‘मेय’ सांगतो की अमुक घडलेलं नाही, अमुक जवळ नाही. ‘उद्या सकाळपर्यंत तो पोचलेला नसेल’ या वाक्यातही चिनी माणूस ‘मेय’च वापरतो, कारण पोचणं घडलेलं नसेल. काळ उद्याचा असला तरी हिशेब घडण्या-न घडण्याचा आहे.

लिहायला शिकत असाल तर: ‘मेय’चं अक्षर सात रेघांचं, डावीकडे पाण्याचे तीन थेंब. थेंब उगाच नाहीत. हेच अक्षर ‘मो४’ असंही वाचतात आणि तेव्हा त्याचा अर्थ ‘बुडणे’ असा होतो. ‘पू’चं अक्षर चार रेघांचं.

शब्दांची जागा

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे जीभ वाक्य संपेपर्यंत निवांत असते. मँडरिनमध्ये ती मोकळीक नाही. क्रम असा: कर्ता, वेळ, मेय, क्रियापद, कर्म.

वो३ त्स्वो२थिएन१ मेय२ छऽ१ फ़ान४. (मी काल जेवलो नाही.)

‘त्स्वो२थिएन१’ म्हणजे काल. तो कर्त्याच्या आधीही चालतो, नंतरही चालतो. वाक्याच्या शेवटी मात्र कधीच नाही. ‘बरोबर’, ‘-शी’, ‘-ला’ असे तुकडे क्रियापदाच्या आधी येतात, आणि ‘मेय’ त्यांच्याही आधी येतो: ‘वो३ मेय२ कन१ था१ ष्वो१’ (मी त्याला सांगितलं नाही). इथे ‘कन१ था१’ म्हणजे ‘त्याच्याशी’. ‘वो३ कन१ था१ मेय२ ष्वो१’ अशी रचना मराठी क्रमातून येते आणि खटकते. पुढे ‘पा३’ची वाक्यं शिकाल, जिथे कर्म क्रियापदाच्या आधी आणतात. तिथेही हाच नियम: ‘वो३ मेय२ पा३ मन२ क्वान१षांग’ (मी दार लावलं नाही). ‘मेय’ हा ‘पा३’च्या आधी, क्रियापदाला चिकटून नाही.

‘सगळे’ आला की जागेने अर्थ बदलतो. ‘सगळे आले नाहीत’ हे मराठी वाक्य दोन्हीकडे झुकतं: कुणीच आलं नाही, किंवा काही आले आणि काही नाही. मँडरिनमध्ये ही संदिग्धता नाही. ‘था१मन तौ१ मेय२ लाय२’ म्हणजे एकही जण आला नाही. ‘था१मन मेय२ छ्युएन२ लाय२’ म्हणजे काही आले, पण सगळे नाही. नकार ज्या शब्दाच्या आधी, त्याच्यावर त्याची सत्ता.

दुसरा टप्पा: ‘ल’ का जातो

‘वो३ मेय२ छ्यू४ ल’ ही मराठी माणसाची ठरलेली चूक आहे आणि तिचं कारण आपल्या भाषेत आहे. ‘गेलो’ला ‘नाही’ जोडला तरी ‘गेलो’ तसाच राहतो. जेवलो नाही, पाहिलं नाही, आली नाही: भूतकाळाचं रूप जागेवरून हलत नाही. म्हणून ‘गेलो’ म्हणजे ‘छ्यू४ ल’ असं एकदा डोक्यात बसलं की त्याच्यापुढे नकार लावून आपण मोकळे होतो.

‘ल’ म्हणजे ‘गेलो’मधला ‘-लो’ नव्हे, हे आधी पटवून घ्या. ध्वनी जुळतो तो निव्वळ योगायोग. ‘ल’ सांगतो की क्रिया झाली, पूर्ण झाली. क्रिया झालीच नाही असं म्हणताना ‘झाली’चं चिन्ह ठेवणं विसंगत. भाषाशास्त्रज्ञ विल्यम वांग यांनी १९६५ मध्ये याहून पुढे जाऊन मांडलं की होकारातला ‘ल’ आणि नकारातल्या ‘मेय२यौ३’मधला ‘यौ३’ ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत. या नजरेने पाहिलं तर ‘मेय२यौ३’मध्ये ‘ल’ आधीच येऊन बसलेला आहे. तो मागे पुन्हा लावला की दोनदा झाला. तैवानमध्ये आणि दक्षिण चीनच्या काही भागांत ‘मी गेलो’साठी ‘वो३ यौ३ छ्यू४’ असं सर्रास ऐकू येतं, तेव्हा ही जोडी डोळ्यांसमोर येते. तुम्ही मात्र परीक्षेत ‘छ्यू४ ल’च लिहा.

तिसरा टप्पा: ‘मेय’ की ‘पू’

सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तिथे त्यांना ‘ख१ ती४ह्वा२’ या नावाने ओळखतात. पथकातले बाकीचे डॉक्टर भारतात परतले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच वारले. आता ही दोन वाक्यं:

ख१ ती४ह्वा२ मेय२यौ३ ह्वेय२ यिन४तू४.
ख१ ती४ह्वा२ पू४ ह्वेय२ यिन४तू४.

शब्द तेच: ‘ह्वेय२’ म्हणजे परतणे, ‘यिन४तू४’ म्हणजे भारत. पहिलं वाक्य घटना सांगतं: कोटणीस भारतात परतले नाहीत. का, कुणामुळे, याबद्दल ते काही बोलत नाही. दुसरं वाक्य मनाबद्दल बोलतं: कोटणीस परतत नाहीत, परतायचं नाही म्हणतात, परतायला तयार नाहीत. चरित्राच्या शेवटच्या पानावर पहिलं वाक्य बसेल. ‘इथलं काम सोडून ते परतायला तयार नव्हते’ असं सांगायचं असेल तर दुसऱ्यातला ‘पू४’ लागेल, तो प्रसंग कितीही जुना असला तरी.

तेव्हा स्वतःला विचारायचा प्रश्न असा: मी घटना नाकारतो आहे, की इच्छा, सवय आणि स्थिती? घटना असेल तर मेय, बाकी सगळ्याला पू. ‘काल झालं का?’ हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही.

मराठी माणूस इथे ‘नव्हता’ या शब्दापाशी अडखळतो. ‘नव्हता’ ऐकला की भूतकाळ डोळ्यांत भरतो आणि ‘मेय’ तोंडात येतो. पण बघा:

त्याला माहीत नव्हतं: था१ पू४ चऽ१ताओ४.
तो काल खूश नव्हता: था१ त्स्वो२थिएन१ पू४ काओ१शिंग४.
ती पूर्वी शिक्षिका नव्हती: था१ ई३छिएन२ पू२ षऽ४ लाओ३षऽ१.
तो पूर्वी सिगारेट ओढत नसे: था१ ई३छिएन२ पू४ छौ१येन१.

माहीत असणं, खूश असणं, अमुक असणं या स्थिती आहेत, आणि सिगारेट ओढणं ही इथे सवय आहे. एकही घटना नाही. भूतकाळ ‘त्स्वो२थिएन१’ (काल) आणि ‘ई३छिएन२’ (पूर्वी) या शब्दांनी सांगितला. नकाराला ते काम नाही. यातून एक कामचलाऊ खूण हाती येते: मराठी वाक्यात ‘नव्हता’ नुसता एखाद्या विशेषणाला किंवा नामाला लागला असेल, किंवा ‘करत नसे’ असं रूप असेल, तर ‘पू’ धरा. ‘केलं नाही’, ‘गेला नाही’, ‘झाला नव्हता’ असं असेल तर ‘मेय’ धरा. ‘माझ्याकडे नव्हते’ याला मात्र ‘यौ३’मुळे ‘मेय’च, हे वर आलंच आहे.

‘षऽ४’ (असणे, अमुक असणे), ‘चऽ१ताओ४’ (माहीत असणे) आणि ‘ह्वेय४’ (‘पोहता येतं’मधलं येणे, जमणे) यांना नवशिक्याने ‘मेय’ लावूच नये. ‘नंग२’ (शकणे) याला एका ठिकाणी लागतो: ‘वो३ मेय२ नंग२ लाय२’, म्हणजे ‘मी येऊ शकलो नाही’, इच्छा होती पण जमलं नाही. निरोपाच्या आणि दिलगिरीच्या वाक्यात हे फार कामाला येतं. तसंच ‘मेय२ श्यांग३ताओ४’ हे आपल्या ‘वाटलं नव्हतं!’चं अगदी बरोबर भाषांतर. ते अख्खं पाठ करून टाका.

विशेषणांचंही थोडं सांगायला हवं. ‘ई१फ़ु हाय२ मेय२ कान१’ म्हणजे ‘कपडे अजून वाळले नाहीत’. ‘कान१’ (कोरडा) हे विशेषण असूनही ‘मेय’, कारण इथे वाळणं ही व्हायची गोष्ट आहे आणि ती झालेली नाही. ‘थिएन१ हाय२ मेय२ हेय१’ (अजून अंधार पडला नाही) हेही तसंच. मराठीत ‘वाळणे’, ‘अंधार पडणे’ ही क्रियापदंच असल्याने आपल्याला हे इंग्रजीतून शिकणाऱ्यापेक्षा लवकर कळतं.

चौथा टप्पा: ‘अजून नाही’ आणि ‘कधीच नाही’

वर ‘हाय२’ येऊन गेला. ‘हाय२ मेय२’ म्हणजे ‘अजून नाही’. शेवटी हलका ‘न’ लावला की बोलणं घरगुती वाटतं. चीनमध्ये भेटल्यावर ‘नी३ छऽ१ ल मा?’ (जेवलास का?) असं विचारायची जुनी रीत आहे. जेवला नसाल तर उत्तर: ‘हाय२ मेय२ न.’ त्यात क्रियापद घालायची गरज नाही.

अनुभवासाठी ‘क्वो’ आहे. ‘वो३ छ्यू४क्वो चुंग१क्वो२’ म्हणजे ‘मी चीनला जाऊन आलेलो आहे’. नकार: ‘वो३ मेय२ छ्यू४क्वो चुंग१क्वो२’, ‘मी चीनला गेलेलो नाही’. लक्ष द्या, ‘क्वो’ राहिला. ‘ल’ गळतो आणि ‘क्वो’ टिकतो. ‘ल’ काढायची सवय लागल्यावर बरेच जण ‘क्वो’ही काढून टाकतात आणि अर्थ बदलतो: ‘वो३ मेय२ छ्यू४ चुंग१क्वो२’ म्हणजे ठरलेल्या वेळी गेलो नाही, त्या खेपेला गेलो नाही. मराठीत ‘गेलो नाही’ आणि ‘गेलेलो नाही’ यांत जो फरक जाणवतो, तोच इथे आहे. तो फरक बोलताना पाळत असाल तर ‘क्वो’ चुकणार नाही.

‘कधीच’साठी ‘त्स्हुंग२लाय२’. याच्यामागे दोन्ही नकार येतात:

वो३ त्स्हुंग२लाय२ पू४ ह१ च्यौ३. (मी दारू कधीच पीत नाही.)
वो३ त्स्हुंग२लाय२ मेय२ ह१क्वो च्यौ३. (मी दारू कधीच प्यायलेलो नाही.)

पहिल्यात नियम आहे, दुसऱ्यात आयुष्याचा हिशेब. दुसऱ्यात ‘क्वो’ हवाच. ‘त्स्हुंग२लाय२ मेय२’ आला की मागे ‘क्वो’ येणार असं धरून चाला.

‘एकही नाही’, ‘काहीच नाही’ यांची रचना मराठीशी सुखद जुळते, कारण दोन्हीकडे तो शब्द क्रियापदाच्या आधी येतो: ‘ई२क रन२ ये३ मेय२ लाय२’ (एकही माणूस आला नाही), ‘वो३ षन२म तौ१ मेय२ माय३’ (मी काहीच घेतलं नाही), ‘षेय२ तौ१ मेय२ लाय२’ (कुणीच आलं नाही). ‘ये३’ किंवा ‘तौ१’ विसरू नका. आपल्या ‘एकही’मधला ‘ही’ आणि ‘काहीच’मधला ‘च’ तिथे असतो.

पाचवा टप्पा: शोधलं नाही, सापडलं नाही, सापडत नाही

हा टप्पा सगळ्यात सावकाश करा. मराठीत करण्याचं क्रियापद वेगळं आणि फळाचं वेगळं अशा जोड्या आहेत: शोधणे आणि सापडणे, बघणे आणि दिसणे, ऐकणे आणि समजणे. मँडरिनमध्ये क्रियापद एकच, फळ त्याला मागून चिकटतं. ‘चाओ३’ म्हणजे शोधणे. ‘चाओ३ताओ४’ म्हणजे शोधून हाती लागणे, सापडणे. किल्ली हरवली आहे असं समजा:

वो३ मेय२ चाओ३. (मी शोधली नाही.)
वो३ मेय२ चाओ३ताओ४. (शोधली, पण सापडली नाही.)
वो३ चाओ३-पु-ताओ४. (सापडत नाही, सापडणं होतच नाहीये.)

दुसऱ्या वाक्यात शोधणं झालंय, नाकारलं आहे ते सापडणं. तिसऱ्यात ‘पु’ दोघांच्या मध्ये शिरला, सूर हलका झाला, आणि अर्थ अशक्यतेकडे गेला. घरी कुणी दारात उभं राहून ‘सापडली का?’ विचारलं आणि तुमचा शोध संपला असेल तर दुसरं वाक्य; अजून गादीखाली हात घालून चाचपडत असाल तर तिसरं.

हाच साचा इतरांना लावा. ‘मेय२ खान४चिएन४’ म्हणजे दिसलं नाही, ‘खान४-पु-चिएन४’ म्हणजे दिसत नाही. ‘मेय२ थिंग१तुंग३’ म्हणजे ऐकून समजलं नाही, ‘थिंग१-पु-तुंग३’ म्हणजे समजत नाही. वर्गात शिक्षक एक वाक्य बोलले आणि ते निसटलं तर ‘मेय२ थिंग१तुंग३’ म्हणा. ते पुन्हा म्हणतील. ‘थिंग१-पु-तुंग३’ म्हटलंत तर त्यांना वाटेल की एवढं चिनी तुम्हाला झेपत नाही, आणि ते इंग्रजीवर जातील. चूक व्याकरणाची नाही, पण धडा हातचा जातो.

दोन गोष्टी करू नका. ‘पू’ या जोडीच्या आधी लावू नका: ‘पू४ चाओ३ताओ४’ असं साध्या वाक्यात म्हणत नाहीत. आणि ‘मेय’ जोडीच्या मध्ये घालू नका. मध्ये जागा फक्त ‘पु’ला आहे.

सहावा टप्पा: आलो, पण विमानाने नाही

‘मी विमानाने नाही आलो, रेल्वेने आलो.’ इथे येणं घडलं आहे. नाकारलं आहे ते विमान. अशा ठिकाणी ‘मेय’ लावला तर ऐकणारा गोंधळतो, कारण ‘मेय’ येणंच पुसून टाकतो. रचना वेगळी:

वो३ पू२ षऽ४ त्स्वो४ फ़ेय१ची१ लाय२ त, षऽ४ त्स्वो४ ह्वो३छ१ लाय२ त.

‘पू२ षऽ४’ने सुरुवात, ‘त’ने शेवट, आणि जे नाकारायचं ते मध्ये. कधी, कुठे, कसं, कुणाबरोबर, यांपैकी काहीही त्या जागी बसतं. मराठीत बोलताना तुम्ही ‘विमानाने’ या शब्दावर जोर देऊन ‘नाही’ क्रियापदाच्या आधी आणता (‘नाही आलो’). तो जोर आला की ‘पू२ षऽ४ … त’ आठवा.

प्रश्न आणि उत्तर

‘गेलास का?’ तीन तऱ्हांनी विचारतात: ‘नी३ छ्यू४ ल मा?’, ‘नी३ छ्यू४ ल मेय२यौ३?’ आणि ‘नी३ यौ३ मेय२यौ३ छ्यू४?’ तिसऱ्यात ‘ल’ नाही. ‘यौ३’ आला की ‘ल’ला जागा नाही, हे दुसऱ्या टप्प्यातलंच कारण. नवशिक्याला पहिली दोन रूपं बोलायला पुरतात, तिसरं कळलं पाहिजे.

होकाराचं उत्तर ‘छ्यू४ ल’, नकाराचं ‘मेय२ छ्यू४’ किंवा ‘मेय२यौ३’. ‘पू४’ असं उत्तर देऊ नका, ‘गेलास का?’ला ‘पू४’ हे उत्तरच नव्हे.

नकारार्थी प्रश्न आला, ‘नी३ मेय२ छ्यू४ मा?’ (गेला नाहीस?), तर ‘हो, नाही गेलो’ या मराठी पद्धतीने उत्तर द्या: ‘त्वेय४, मेय२ छ्यू४.’ ‘त्वेय४’ म्हणजे बरोबर. इंग्रजी वळणाचं ‘नाही, गेलो नाही’ इथे टाळलेलं बरं.

शेवटचा ‘ल’, जो राहतो

‘नकारात ल नाही’ हे पक्कं झाल्यावर एक दिवस ‘वो३ मेय२ छिएन२ ल’ ऐकाल आणि दचकाल. चूक नाही. हा ‘ल’ क्रियापदामागचा नव्हे, वाक्याच्या शेवटचा आहे आणि तो ‘आता परिस्थिती अशी झाली’ असं सांगतो. पैसे होते, आता उरले नाहीत. तसंच ‘वो३ पू२ छ्यू४ ल’ म्हणजे ‘मी आता नाही जात’, जायचं ठरवलं होतं पण बेत बदलला. आणि मुदतीबरोबर: ‘वो३ सान१ थिएन१ मेय२ छऽ१ फ़ान४ ल’, ‘तीन दिवस झाले, मी जेवलेलो नाही’. इथे मुदत ‘मेय’च्या आधी येते, क्रियापदानंतर नाही. पहिले दोन-तीन महिने हा ‘ल’ ऐकून ओळखा, स्वतःहून फक्त या तीन साच्यांत वापरा.

एक सवयीचा अपवाद: बऱ्याच दिवसांनी भेटल्यावर म्हणतात ‘हाओ२च्यौ३ पू२ चिएन४’. भेट घडलेली नाही, तरी ‘पू’. हा ठरून गेलेला वाक्प्रचार आहे. त्यावरून नियम काढू नका.

सरावाची आठ वाक्यं

चिनी वाक्य झाकून, न बघता आधी स्वतः ठरवा: मेय, पू, की ‘पू षऽ … त’?

काल तो आला नाही: त्स्वो२थिएन१ था१ मेय२ लाय२.

मी अजून तो सिनेमा पाहिला नाही: वो३ हाय२ मेय२ खान४ ना४क तिएन४यिंग३. ‘ना४क’ म्हणजे तो.

त्यांना माहीत नव्हतं: था१मन पू४ चऽ१ताओ४. ‘नव्हतं’ला फसलात तर तिसरा टप्पा पुन्हा वाचा.

आईने काहीच घेतलं नाही: मा१मा षन२म तौ१ मेय२ माय३.

ती पूर्वी चहा पीत नसे: था१ ई३छिएन२ पू४ ह१ छा२. ‘छा२’ हा आपल्या ‘चहा’चा मूळ शब्द, लक्षात राहायला सोपा.

तो न जेवताच गेला: था१ मेय२ छऽ१ फ़ान४ च्यौ४ त्सौ३ ल. इथला ‘ल’ बरोबर आहे, कारण तो ‘त्सौ३’ (निघून जाणे) याचा, आणि जाणं घडलं आहे. जेवणं घडलं नाही, त्याला ‘मेय’.

मी पुस्तक शोधलं, पण सापडलं नाही: वो३ चाओ३ ल, मेय२ चाओ३ताओ४. पहिल्या अर्ध्यात ‘ल’, दुसऱ्यात नाही. एका श्वासात दोन्ही बरोबर आले तर पहिला, दुसरा आणि पाचवा टप्पा अंगात उतरला.

मी काल नाही आलो, आज आलो: वो३ पू२ षऽ४ त्स्वो२थिएन१ लाय२ त, षऽ४ चिन१थिएन१ लाय२ त. ‘वो३ त्स्वो२थिएन१ मेय२ लाय२’ लिहिलं असेल तर तेही वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे: काल आलास का? इथला प्रश्न ‘कधी आलास?’ हा होता.